संपादकहो, 'नाही' म्हणा, पण म्हणा तरी

कविता छापणाऱ्या सगळ्या मासिकांच्या, त्रैमासिकांच्या आणि अनियतकालिकांच्या संपादकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी काहींकडे माझं नाव इनबॉक्समधे नक्की सापडेल, बऱ्याच वेळा सापडेल. पण आजचं पत्र माझ्या कवितांसाठी नाहीये, माझ्या मैत्रिणीसाठी आहे. तिने कविता पाठवणं थांबवलंय, आणि ते का थांबलं हे तुमच्यापर्यंत पोचायला हवं असं मला फार आतून वाटतंय म्हणून लिहायला बसले.

आधी आमची पद्धत सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. आम्ही दोघी गेली नऊ वर्षं कविता पाठवतोय आणि पहिल्या वर्षातच आमच्या लक्षात आलं की स्वतःची कविता स्वतः पाठवणं फार अवघड असतं. म्हणजे लिहिणं जमतं, पण ईमेल उघडून 'माननीय संपादक' असं टाइप करून खाली आपलीच कविता जोडायची म्हटलं की हात थांबतो. शंभर शंका येतात, हा शब्द बदलू का, ही नको तीच पाठवू का, आणि मग आज नको उद्या बघू. त्यात एकदा परत आली की संपलंच, ती कविता फाइलमधे जाऊन झोपते ती झोपतेच. तर तिने उपाय काढला, की तुझ्या कविता मी पाठवते आणि माझ्या तू पाठव. खाली नाव आणि पत्ता ज्याची कविता त्याचाच, सही पण त्याचीच, फक्त कुठे पाठवायची कधी पाठवायची हे दुसरीने ठरवायचं आणि सेंडचं बटण दुसरीने दाबायचं. दुसऱ्याच्या कवितेबद्दल आपल्याला तेवढी भीती वाटत नाही हो! उलट आपण हट्टाने पाठवतो, कारण आपल्याला माहीत असतं ती चांगली आहे.

त्यासाठी एक वही केली. लांबट, पुठ्ठ्याची. पाच रकाने आखलेत, कविता, कुठे, कधी, उत्तर, पुढे कुठे. माझ्या कवितांची पानं तिच्या अक्षरात आणि तिच्या कवितांची माझ्या. परत आलेल्या कवितेपुढे आम्ही 'साभार परत' लिहीत नाही, तिने पहिल्याच नोंदीला लिहिलं 'फिरून आली' आणि तेच कायम झालं. फिरून आली की पुढे एक बाण काढायचा आणि बाणापुढे नवीन मासिकाचं नाव. परत आलेली कविता दोन रात्रींपेक्षा जास्त घरात ठेवायची नाही हा नियम, पहिली रात्र वाईट वाटायला, दुसऱ्या रात्री फोनवर मोठ्याने वाचायची आणि काही खटकलं तर दुरुस्त करायची, तिसऱ्या दिवशी ती बाहेर पडलीच पाहिजे. माझी एक कविता अकरा बाणांनंतर बाराव्या ठिकाणी छापून आली. त्या पानावर जागा संपली म्हणून तिने शेवटचे बाण समासात आडवे काढलेत, मी ते पान अधूनमधून नुसतं बघते.

हे सगळं सांगायचं कारण, लोक चिकाटी चिकाटी म्हणतात ना, ती एकट्याची नसते असा माझा अनुभव आहे. निदान माझी तरी नव्हती. अकरापैकी तिसऱ्या नकारालाच मी ती कविता सोडून दिली होती, पुढचे आठ बाण तिचे आहेत.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे, कारण ती तुमच्यापैकीच एकाने केली आणि त्यांना पुढे काय झालं ते आजपर्यंत माहीत नाही. माझी एक कविता होती बहिऱ्या झालेल्या आजोबांच्या रेडिओवर. त्यांना ऐकू येत नव्हतं तरी संध्याकाळी रेडिओ लावायचे आणि त्यावर हात ठेवून बसायचे. कवितेच्या शेवटच्या दोन ओळीत मी सांगून टाकलं होतं की ते हाताने ऐकत होते, आणि त्या ओळी मला सगळ्यात आवडायच्या. एका छोट्या त्रैमासिकाकडून उत्तर आलं, अगदी तीन वाक्यांचं, की कविता आवडली, या अंकात जागा नाही, शेवटच्या दोन ओळींशिवाय एकदा वाचून बघा. मी चिडले. मैत्रिणीला फोन केला, म्हटलं वाच. तिने वाचली, दोन ओळी सोडून, आणि फोनवर गप्पच झाली. मग म्हणाली, 'अगं, आता तो हात तिथेच राहतोय.' तरी मी तीन आठवडे भांडले तिच्याशी. मग काढल्या त्या ओळी. त्यानंतर दोनच बाण लागले, तिसऱ्या ठिकाणी ती छापून आली. ज्यांनी ते तीन वाक्यांचं उत्तर दिलं त्यांच्या मासिकात ती आली नाही, पण कविता पूर्ण केली ती त्यांनीच. ते पत्र लिहायला त्यांना किती, तीन मिनिटं लागली असतील?

तुम्ही म्हणाल प्रत्येकाला असं लिहायला आम्हाला वेळ कुठे आहे. खरंय, आणि हे मी ऐकीव सांगत नाहीये. मधे एका छोट्या अंकासाठी दोन महिने मी आलेल्या कविता वाचायचं काम केलं, बिनपगारी, रात्री जागून, घरचं सगळं आवरून झाल्यावर. तीनशेच्या वर कविता आणि अंकात जागा जेमतेम चौदा कवितांची. कुणी कविता फोटो काढून पाठवलेली, कुणी जुन्या फाँटमधे की उघडली की नुसते ठोकळे दिसतात, कुणी एकदम चाळीस कविता पाठवून म्हणतं यातली कुठलीही घ्या. पहिले आठ दिवस मी प्रत्येक कविता दोनदा वाचली, मग एकदा, आणि शेवटी शेवटी पहिल्या चार ओळीत पकड नाही बसली तर मी पुढे गेले, हे कबूल करते. त्यामुळे तुमच्या टेबलावर काय पडलेलं असतं ते मला माहीत आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. बहुतेक जण पदरमोड करून, नोकरी सांभाळून मासिक चालवतात, वर्गणीदार कमी होत चाललेत, कागद महाग, आणि वर कवी लोक रागावलेले.

पण त्याच दोन महिन्यांत मला दुसरीही गोष्ट कळली. 'नाही' एका प्रकारचं नसतंच. एक कविता आम्ही घेतली नाही कारण त्याच विषयावरची दुसरी आधीच लागली होती. एक नाही घेतली कारण ती अडीच पानांची होती आणि उरलेलं पान एकच. एकीवर आम्ही तिघांनी वाद घातला, दोन विरुद्ध एक, आणि ती गेली. आणि काही खरोखरच कच्च्या होत्या. आता गंमत नाही, दुःख हे आहे की या सगळ्यांना गेलं एकच छापील उत्तर, किंवा काहींना तर तेही नाही. ज्याची कविता दोन विरुद्ध एक मताने राहिली तो बिचारा घरी बसून समजतोय की आपल्याला लिहिता येत नाही. तुम्हाला माहीत असतं की ती जवळ आली होती, फक्त त्यालाच माहीत नसतं. 'यावेळी थोडक्यात राहिली, पुन्हा पाठवा' एवढे पाच शब्द त्याला वर्षभर पुरले असते.

मला इथे एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीची आठवण येते. १८६२ च्या एप्रिलमधे 'अटलांटिक मंथली' या मासिकात लेखक टॉमस वेंटवर्थ हिगिन्सन यांचा नव्याने लिहिणाऱ्यांना सल्ला देणारा लेख आला, तो वाचून तिने त्यांना चार कविता पाठवल्या आणि विचारलं काय तर माझी कविता जिवंत आहे का एवढं सांगायला तुम्हाला सवड आहे का. बस. छापा म्हणून नाही विचारलं. प्रत्येक कवी पाकिटात किंवा अटॅचमेंटमधे हाच प्रश्न घालून पाठवत असतो असं मला वाटतं. आणि हिगिन्सन यांनी उत्तर दिलं. त्यांना तिची कविता पूर्ण कळली नव्हती, छापायची घाई करू नका असंच त्यांनी सुचवलं, म्हणजे एका अर्थी तो नकारच होता. पण तो पत्रव्यवहार तिच्या मृत्यूपर्यंत म्हणजे १८८६ पर्यंत चालला आणि मधे एकदा तिने त्यांना लिहिलं की तुम्हाला कळलंही नाही पण तुम्ही माझा जीव वाचवलात. जवळजवळ अठराशे कविता लिहिल्या बाईंनी, हयातीत छापून आल्या त्या मोजून दहाच्या आसपास. १८९० साली तिच्या कवितांचं पहिलं पुस्तक निघालं तेव्हा संपादकांत हेच हिगिन्सन होते. त्यांच्या हातून चुका झाल्या, तिच्या ओळी त्यांनी गुळगुळीत केल्या, त्याबद्दल त्यांना बोल लावणारे खूप आहेत. पण त्यांनी उत्तर दिलं होतं हे मी विसरू शकत नाही.

आता मैत्रीबद्दल. साहित्यात मैत्री म्हटलं की लगेच लोकांच्या कपाळाला आठी पडते, कंपू, वशिला, एकमेकांची पाठ खाजवणं. आणि ते आहेच, मी नाकारत नाही. काही अंकांची अनुक्रमणिका बघितली की तीच ती पाच नावं, आणि त्या पाचांनीच एकमेकांवर लिहिलेले लेख. नव्या माणसाला ते बघून पाठवायचीच इच्छा होत नाही. पण म्हणून सगळ्या मैत्रीला त्यात ढकलू नका अशी माझी विनंती आहे.

इंग्रजी कवी टी. एस. एलियटची, प्रुफ्रॉक नावाच्या माणसाच्या तोंडची कविता बघा. १९११ सालीच लिहून झाली होती ती, पडून होती. कॉनराड एकन हा त्याचा कॉलेजचा मित्र, त्याने ती लंडनमधे एका संपादकाला दाखवली, त्या संपादकाला ती वेडगळ वाटली. मग त्याच एकनमुळे एलियट एझरा पाउंड या कवीला जाऊन भेटला, आणि पाउंडने ती शिकागोच्या 'पोएट्री' मासिकाला पाठवली. तिथे संपादक हॅरिएट मन्रो. त्यांना शेवट पटेना, बदलून हवा होता. पाउंडने साफ सांगितलं की मी त्याला तसं करायला सांगणार नाही. पत्रांवर पत्रं गेली, महिने गेले, आणि १९१५ च्या जूनच्या अंकात, पाठीमागच्या पानांवर का होईना, कविता आली. याला कुणी वशिला म्हणेल. मी नाही म्हणणार. कारण मन्रोबाईंना नाही म्हणायची पूर्ण मुभा होती आणि त्या भांडल्याही, आणि पाउंड भांडला तो कवितेच्या ओळींसाठी. एका मित्राला जमलं नाही तर त्याने दुसऱ्याकडे नेलं, हे मला फार जवळचं वाटतं. आमच्या वहीतला बाणच आहे तो.

आणि आपल्याकडेही केशवसुत आहेतच की. त्यांच्या कविता मासिकांतूनच लोकांपर्यंत पोचल्या, जळगावहून नुसत्या कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' निघत होतं १८८७ पासून, त्यातही. पण स्वतःचं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. १९०५ साली ते गेले, आणि संग्रह निघाला १९१७ मधे, तो काढला हरिभाऊ आपट्यांनी, जे स्वतः मोठे कादंबरीकार आणि 'करमणूक'सारखं पत्र चालवणारे संपादक होते. बारा वर्षं झाली होती माणूस जाऊन! कुणीतरी ती विखुरलेली पानं जमवायला बसलं म्हणून आज आपल्याला आधुनिक मराठी कवितेची सुरुवात कुठे झाली हे सांगता येतं. त्या अंकांच्या संपादकांनी कविता छापल्या नसत्या तर जमवायला तरी काय उरलं असतं, हेही खरंच. म्हणजे तुम्ही आणि आमच्यासारख्या मैत्रिणी एकाच कामात आहोत असं मी मानते. एकमेकांना दिसत नाही इतकंच.

आता मैत्रिणीचं सांगते.

तिची एक दीर्घ कविता आहे. बहीण आजारी असताना खोलीबाहेरच्या बाकावर काढलेल्या रात्रींची. सात भाग आहेत, प्रत्येक भागात एक एक जण त्या बाकावर येऊन बसतो आणि उठून जातो, आणि शेवटच्या भागात बाकच फक्त आहे. ती लिहायला तिला दोन वर्षं लागली. मी ती एका चांगल्या, नाव असलेल्या मासिकाला पाठवली, मीच निवडलं ते मासिक कारण दीर्घ कवितेला जागा देणारे फार थोडे उरलेत. पोच आली, 'मिळाली, विचाराधीन आहे.' नियमात स्पष्ट लिहिलं होतं की निर्णय कळेपर्यंत दुसरीकडे पाठवू नये. आम्ही नाही पाठवली. चार महिन्यांनी विचारलं, उत्तर नाही. आठ महिन्यांनी विचारलं. अकराव्या महिन्यात तिने स्वतः पत्र लिहिलं, हाताने, की नको असेल तर तसं कळवा म्हणजे मला दुसरीकडे पाठवता येईल. चौदा महिने झाले. अंक निघत होते, दर अंक आला की ती अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायची आणि मला फोन करायची नाही, मी समजायचे.

चौदाव्या महिन्यानंतर तिने मला सांगितलं, 'आता नको पाठवूस माझं काही.' भांडण नाही, रडणं नाही. वहीत तिच्या त्या पानावर 'उत्तर' या रकान्यात काहीच नाहीये. 'फिरून आली' असंही लिहिता येत नाही मला, कारण ती फिरून आलीच नाही. बाण काढायचा तर कुठून काढू? नकार आला असता ना तर तिसऱ्या दिवशी आम्ही ती बाहेर काढली असती. अकरा नकार पचवायला शिकलेली बाई एका गप्प बसण्याने थांबली, हे मला तुम्हाला सांगायचं होतं. त्या मासिकाचं नाव मी घेणार नाही, कारण एकाला धरून काही होणार नाही, कमी जास्त प्रमाणात हे सगळीकडे चालू आहे आणि बहुतेक वेळा त्यात कुणाचा वाईट हेतूही नसतो, ईमेल खाली जातं, माणूस बदलतं, राहून जातं.

मग मागणी काय, तर फार मोठी नाहीये. छापा असं म्हणतच नाही मी. नियमात तुम्ही आम्हाला सांगता की दुसरीकडे पाठवू नका, तर त्याच ओळीत स्वतःसाठी पण एक मुदत लिहा, तीन महिने म्हणा, सहा म्हणा, आणि खाली लिहा की तोवर उत्तर नाही आलं तर कविता मोकळी समजावी. एवढ्यानेच निम्मा त्रास जाईल, तुम्हाला एकही जास्तीचं पत्र लिहावं लागणार नाही. मुदत देणं शक्य नसेल तर मग एका वेळी दोन ठिकाणी पाठवायला परवानगी द्या, कुठे लागली की आम्ही बाकीच्यांना त्याच दिवशी कळवू. जी थोडक्यात राहिली तिला तेवढं सांगा. आणि छापलीत तर त्याआधी एकदा प्रूफ दाखवा, कारण ओळ जिथे तोडलेली असते ती तिथे मुद्दाम तोडलेली असते, माझ्या एका कवितेची कडवी एकत्र होऊन परिच्छेद झाला होता आणि मला ते अंक हातात आल्यावर कळलं. अंक आला याचा आनंद आणि ते दुःख एकाच वेळी झालं, कुणाला दाखवू की नको असं झालं.

अजून एक सुचवू का? कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का, ज्यांना १९९६ साली नोबेल मिळालं, त्या पोलंडमधल्या एका साहित्यिक साप्ताहिकात अनेक वर्षं एक सदर चालवायच्या, आलेल्या कविताकथांना तिथेच छापील उत्तर द्यायचं, थोडक्यात, काय जमलं काय नाही. प्रत्येकाला वेगळं पत्र लिहायला नको आणि ज्याची कविता नाही त्यालाही शिकता येतं. अर्धं पान द्या यासाठी. मी तर म्हणते सगळ्यात आधी लोक तेच पान उघडतील.

मी मैत्रिणीशी बोलले हे पत्र लिहिण्याआधी. तिने वाचलं, दोन ठिकाणी मी जास्त रडवेली झाले होते ते तिने काढायला लावलं, तिची ती सवय जात नाही. मग मी विचारलं, पाठवू का बाकाची कविता? बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'पाठव, पण मला कुठे पाठवलीस ते सांगू नकोस.'

त्या जुन्या मासिकाला ती मागे घेतल्याचं पत्र मी काल टाकलंय. या आठवड्यात ती तुमच्यापैकी एकाकडे येईल. सात भाग, साडेचार पानं, युनिकोडमधे आणि सोबत पीडीएफ, म्हणजे ओळी हलणार नाहीत. खाली तिचं नाव आहे आणि तिचाच पत्ता आहे. उत्तर मला नको, तिला पाठवा, 'नाही' असलं तरी.

आपली,
एक वाचक आणि वर्गणीदार